घारापुरी: फोटो भरपूर, पुरावा कुठाय?

घारापुरीवरचे चार-पाच प्रवासलेख वाचून मग बेटावर गेलो. लेणी कोणी कोरली, याबद्दल सगळे एकदम ठाम. कोणी पुलकेशी म्हणतं, कोणी राष्ट्रकूट. पण मित्रांनो, कोरवून घेणाऱ्याचं नाव सांगेल असा शिलालेखच आज तिथं नाही! एक होता, तो पोर्तुगीजांनी काढून नेला आणि पुढे हरवला. उरली शिल्पांची शैली, आणि बेटावर सापडलेली कलचुरी कृष्णराजाची नाणी. त्यावरून अभ्यासक सहावं शतक धरतात. बरं, नाणी फार तर तिथं कोणाचं चलन चालायचं ते सांगतील. लेण्याचा खर्च कोणी केला ते नाही. गाइड हाच प्रश्न आधी विचारतात. (आमच्या नांदगावच्या खंडेश्वराला हेमाडपंती म्हटलं की लोक मोकळे होतात, त्यातलाच प्रकार.)

पूर्वेकडच्या टेकडीवर बौद्ध स्तूपाचे अवशेष आहेत. मी वाचलेल्या एकाही लेखात ते नव्हते. सदाशिव पाहिला की परतीची लाँच! किनाऱ्याची खारफुटी ‘निसर्गरम्य’ या एका शब्दात संपते. आणि ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटलं, तो आता भायखळ्याच्या राणीबागेत उभा आहे.