पुढचं गाणं कोण निवडतं?

रेडिओच्या निवेदकांवर गप्पा सुरू झाल्या की त्या आवाजापाशी येऊन अडकतात. कुणाचा आवाज मखमली, कुणाचा खर्जातला, कुणी नुसती बडबड करतो, कुणाचा सरकारी थाट काही केल्या जात नाही. आवाज महत्त्वाचा आहेच, पण गोड गळ्याची माणसं कंटाळवाणे कार्यक्रम करताना आपण ऐकलेली आहेत आणि बेताच्या आवाजाची माणसं तासभर खिळवून ठेवतानाही. गाण्यांच्या कार्यक्रमाची शैली ठरते ती वेगळ्याच जागी, असं माझं मत आहे. पुढचं गाणं कोण निवडणार, यावर ती ठरते. श्रोता, बाजार, निवेदक स्वतः की संगणक? ‘बिनाका गीतमाला’ सादर करणारे अमीन सायानी त्यांच्या त्या खास ढंगात का बोलायचे आणि सकाळच्या एफएमवर गाण्याविषयी चकार शब्द का निघत नाही, याचं उत्तर तिथे सापडतं.

सुरुवात बा. वि. केसकरांपासून करावी लागते. जन्माने पुणेकर, शास्त्रीय संगीताचे कट्टर अभिमानी आणि १९५२ ते १९६२ या काळात देशाचे माहिती व नभोवाणी मंत्री. त्यांनी आल्याआल्या हिंदी सिनेसंगीताला आकाशवाणीवरून जवळपास हद्दपार केलं. लोकांनी काय करावं? त्यांनी रेडिओची सुई फिरवली आणि रेडिओ सिलोन लावलं. तिथे महायुद्धाच्या काळातला दांडगा शॉर्टवेव्ह ट्रान्समीटर होता आणि जाहिराती घ्यायलाही मनाई नव्हती. सिनेसंगीताला पर्याय म्हणून त्याच केसकरी धोरणात आकाशवाणीचे सुगम संगीत विभागही वाढीला लागले, आणि १ एप्रिल १९५५ रोजी पुणे केंद्रावरून ‘गीतरामायण’ सुरू झालं, ते वर्षभर चाललं. म्हणजे सिलोनवरची ‘गीतमाला’ आणि ‘गीतरामायण’ या दोन टोकांच्या गोष्टींमागे एकच मंत्री उभा आहे. केसकरांना शिव्या घालणाऱ्यांनी आणि त्यांची आरती ओवाळणाऱ्यांनी, दोघांनीही हे ध्यानात ठेवायला हरकत नाही.

‘बिनाका गीतमाला’ ३ डिसेंबर १९५२ रोजी सुरू झाली. ध्वनिमुद्रण मुंबईत व्हायचं, टेप विमानाने कोलंबोला जायची आणि बुधवारी रात्री आठ वाजता तीच गाणी समुद्र ओलांडून परत यायची. पहिल्या स्वरूपात क्रमवारी नव्हती. सात गाणी उलटसुलट क्रमाने लागत, लोकप्रियतेचा बरोबर क्रम श्रोत्यांनी पत्राने कळवायचा आणि बक्षीस शंभर रुपये. पहिल्याच कार्यक्रमाला नऊ हजार पत्रं आली आणि वर्षभरात आठवड्याचा आकडा ६५ हजारांवर गेला, अशी आठवण सायानी सांगत असत. एवढी पत्रं तपासणार कोण? म्हणून १९५४ पासून स्पर्धा मागे पडली आणि क्रमवारी आली. रेकॉर्डची विक्री आणि पुढे गावोगावच्या श्रोता संघांचा कौल यांवर ती ठरे.

इथे निवेदकाची गोची बघा. गाणी त्याने निवडलेली नाहीत. क्रमही त्याच्या हातात नाही. एखादं गाणं त्याला मनातून भिकार वाटत असलं तरी क्रमवारीत ते तिसऱ्या पायदानावर आहे म्हणजे आहे. मग त्याच्या हातात राहतं काय? दोन गाण्यांमधली जागा. सायानींनी ती जागा शर्यतीच्या समालोचनाने भरली. गाणं त्यांच्याकडे एखाद्या पात्रासारखं यायचं: मागल्या आठवड्यात कुठे होतं, कुणी त्याला खाली ढकललं, किती दिवस दारात तिष्ठत उभं होतं, आज कसं मुसंडी मारून वर आलं. आधी पायदानाचा आकडा, मग चित्रपटाविषयी एखादा इशारा, मग किंचित थांबणं, आणि श्रोत्याच्या ओठावर नाव येतंय तोच गाणं सुरू. ठरावीक आठवडे टिकलेल्या गाण्याला ‘सरताज गीत’ म्हणून बिगुल वाजवून मानाने निरोप. हे सगळं नाट्य ‘निवड माझी नाही’ या अडचणीतून निघालेलं आहे.

भाषेचंही तसंच. सायानींच्या आई कुलसुम सायानी ‘रहबर’ नावाचं पाक्षिक चालवत. नवसाक्षरांसाठी सोप्या हिंदुस्तानीत, नागरी, उर्दू आणि गुजराती लिप्यांत निघणारं. घरात हे वळण असल्यामुळे सायानींच्या बोलण्यात संस्कृतचं ओझं नाही की फारसीची नक्षी नाही. ‘बहनों और भाइयों’ हे संबोधन आज नकला करणाऱ्यांनी गुळगुळीत करून टाकलंय, पण त्यात बहिणी आधी येतात, हे त्या काळच्या सभांमधल्या भाषणांशी ताडून पाहावं.

गीतमालेची मर्यादाही सांगितली पाहिजे. एखाद्या चालीत काय आहे, ती का आवडावी, हे सायानींनी त्या तासात क्वचितच सांगितलं. लोकप्रियता हाच गुण, असं त्या कार्यक्रमाने दोन-तीन पिढ्यांच्या मनावर बिंबवलं. पुढे टीव्हीवर क्रमवारीच्या कार्यक्रमांचं पेव फुटलं, त्यांनी सायानींकडून आकडे तेवढे उचलले. गाण्याचा प्रवास सांगण्याची हातोटी काही उचलता आली नाही.

फर्माइशीच्या कार्यक्रमांत निवड श्रोत्याची, त्यामुळे निवेदकाचा पोस्टमन होतो. हे मी कमीपणाने म्हणत नाही. पत्र ज्याचं त्याला पोचवणं हे कौशल्याचं काम आहे. झुमरी तलैया या अभ्रकाच्या खाणींच्या गावाचं नाव सगळ्या देशाला ठाऊक झालं ते पोस्टकार्डांच्या जिवावर. आपल्याकडे आकाशवाणीच्या ‘आपली आवड’ने हेच केलं. तालुक्याचं नाव, गावाचं नाव, मग पाच-सहा व्यक्ती, मग ‘आणि त्यांचा मित्रपरिवार’, कधीकधी ही यादी ध्रुवपदापेक्षा लांब. शहरातली चोखंदळ मंडळी या याद्यांना नाकं मुरडायची. पण गाणं बहुतेकांनी आधी शंभरदा ऐकलेलं असायचं. कान टवकारलेले असायचे ते नावासाठी. गावाचं नाव नीट उच्चारणं, घाईत आडनाव न चिरडणं, एवढ्यावर निवेदकाची परीक्षा होई. फौजींसाठीच्या ‘जयमाला’त साचा हाच, फक्त नावाआधी हुद्दा येतो आणि गाव कुठल्या सरहद्दीपासून किती लांब असेल याचा विचार ऐकणाऱ्याच्या मनात आपसूक येतो. निवेदकाला वेगळं काही करावं लागत नाही, आणि चांगले निवेदक करतही नाहीत.

आता विविध भारतीवरचं ‘छायागीत’. विविध भारती ३ ऑक्टोबर १९५७ रोजी सुरू झाली, तीही सिलोनला उत्तर म्हणून, केसकर मंत्रिपदावर असतानाच. पंडित नरेंद्र शर्मा यांच्यासारखा कवी तिच्या उभारणीत होता, त्यामुळे कार्यक्रमांची नावंसुद्धा कानाला बरी वाटतात. ‘छायागीत’ रात्री दहाचं. अर्धा तास, पाच-सहा गाणी, एक विषय. विषय निवेदकाचा, गाणी निवेदकाची, संहिताही त्याचीच. देशभर ऐकू जाणाऱ्या वाहिनीवर एका पगारी माणसाला दिवसाच्या शेवटी एवढं स्वातंत्र्य मिळणं ही सोपी गोष्ट नव्हे, आणि ते एका सरकारी खात्याने दिलं याचं श्रेय त्याला द्यायला हवं.

निवड आपली असली की माणूस उघडा पडतो. युनूस खान यांच्या ‘छायागीता’त धांडोळा घेणारा संग्राहक दिसतो, एखादं बाजूला पडलेलं गाणं शोधून आणल्याचा आनंद त्यांना लपवता येत नाही. कमल शर्मा संथ, वाक्यावाक्यात हवा खेळू देणारे, गाण्याच्या दारापर्यंत आणून सोडतात आणि स्वतः मागे सरतात. ममता सिंह यांच्याकडे कथेकडे झुकणारी लय आहे. डोळे मिटून ऐकलं तरी आजची पाळी कुणाची हे दुसऱ्या गाण्याला कळतं, आणि ते केवळ आवाजावरून नाही. गाण्यांच्या क्रमावरून कळतं. लताबाईंच्या उदास गाण्यानंतर लगेच तलत न लावता मध्ये एखादं हेमंतकुमार ठेवणं, यात निवेदकाची समज बोलते. गायक, गीतकार आणि संगीतकार तिघांची नावं घेण्याची शिस्त आहेच. आज मजरूह आणि शैलेंद्र यांत फरक करता येणारा सामान्य श्रोता या देशात आहे, तो या शिस्तीने घडवलेला आहे.

अर्थात ‘छायागीत’ दरवेळी जमतं असं नाही. पाऊस, चंद्र, आठवणी, एकटेपण, जुनी पत्रं यांची पिंगट शाईतली गद्यकाव्यं कितीदा ऐकायची? स्वातंत्र्य मिळालं की लिहिणाऱ्याला अलंकार सुचतात. काही रात्री तर निवेदन इतकं भरजरी असतं की त्यामागून येणारं गाणं साधंच वाटायला लागतं. शिवाय पुढचा कार्यक्रम घड्याळाच्या ठोक्यावर लावायचा म्हणून शेवटचं गाणं तिसऱ्या कडव्यात मुरगाळण्याची सरकारी खोड आहे. ती आजवर गेलेली नाही.

खाजगी एफएमकडे आलं की सगळं उलटं होतं. १९९३ मध्ये आकाशवाणीने आपल्या एफएमवरचे तास खाजगी कंपन्यांना विकायला सुरुवात केली. २००१ मध्ये बंगळुरूत पहिलं खाजगी केंद्र आलं आणि २००२ पासून मुंबईत एकामागून एक केंद्रं उघडली. सुरुवातीचं परवाना शुल्क अवाच्या सवा होतं आणि ते दरवर्षी वाढत जायचं. २००५ मध्ये महसुलातल्या वाट्याची पद्धत आली तेव्हा कुठे नागपूर, नाशिक, कोल्हापूर अशा शहरांत केंद्रं उभी राहू शकली. एवढे पैसे मोजल्यावर धोका कोण पत्करणार? म्हणून गाणी ठरतात संशोधनाने, आणि त्यांची फेरी लावतं सॉफ्टवेअर. आरजे स्टुडिओत येतो तेव्हा पुढच्या तासाची यादी पडद्यावर तयार असते. त्याने त्या गाण्यावर काय बोलावं? त्याची निवड नाही, गाण्याला सायानींच्या गाण्यांसारखा प्रवास नाही, कुणाची फर्माइश नाही. त्यात भर म्हणजे खाजगी केंद्रांना स्वतःच्या बातम्या द्यायला बंदी. मग उरतं ट्रॅफिक, हवामान, नवराबायकोचे विनोद, फोनवरून कुणाची तरी फिरकी. आरजे उथळ असतात म्हणून ते असं बोलतात, हा समज मला पटत नाही. त्यांच्यातले कितीतरी जण गाण्याचे दर्दी असतात. त्यांना त्या दर्दीपणाची जागा कामात ठेवलेलीच नाही.

याचा फटका कुठे बसतो ते कानाने ऐकायचं असेल तर गाण्याची पहिली पंधरा-वीस सेकंदं ऐकावी. गाणं सुरू झालं की आरजे त्या संगीतावर बोलत राहतो आणि गायकाचा पहिला शब्द येण्याच्या क्षणी अचूक थांबतो. हे कसब पाश्चात्त्य पॉप रेडिओवरून आलेलं आहे आणि कसब म्हणून ते अवघडही आहे. पण आपल्याकडे ती पंधरा-वीस सेकंदं म्हणजे रिकामी जागा नसते. शंकर-जयकिशनच्या व्हायोलिनच्या लाटा, ओ. पी. नय्यरांचा ठेका, किंवा आपल्या श्रीनिवास खळ्यांच्या भावगीतात शब्दांच्या आधी येणारी ती अवघड, वळसे घेणारी सुरावट. गाणं तिथेच सुरू झालेलं असतं. त्यावर टूथपेस्टची बक्षीस योजना सांगितली गेली की उरतं ते गाण्याचं धड.

तरीही सकाळच्या एफएमला सरसकट मोडीत काढणं अन्यायाचं होईल. रेड एफएमवरची मलिष्का घ्या. तिच्या कार्यक्रमात गाणी कोणती होती हे कुणाला आठवत नाही, पण २०१७ मध्ये मुंबईतल्या खड्ड्यांवर तिने मराठी ‘सोनू’ गाण्याचं जे विडंबन केलं, ते महापालिकेला चांगलंच झोंबलं. हिंदी, मराठी, इंग्रजी यांची जी मिसळ ती बोलते, तीच मुंबईच्या लोकलमध्ये बोलली जाते. शहराशी बोलण्यात ती सायानींइतकीच वाकबगार आहे. तो गाण्यांचा कार्यक्रम मात्र नव्हे, आणि तसा तो म्हणवून घेऊ नये एवढंच.

बिग एफएमवरच्या ‘सुहाना सफर’मध्ये अन्नू कपूर यांनी तिसरीच वाट काढली. तिथे गाणं निवडतो तो किस्सा. आधी सिनेमाच्या दुनियेतली गोष्ट, आणि ती जिथे पोचेल तिथलं गाणं. रंगभूमीवर कसलेला आवाज, जिभेवर घोळलेली उर्दू, नकलांची हौस, यामुळे गाडीत बसलेला माणूस इमारतीखाली पोचला तरी किस्सा संपेपर्यंत उतरत नाही. माझी तक्रार एकच. किस्सा नेहमी पैशाचा, भांडणाचा, योगायोगाचा असतो. सुरांचा फार कमी वेळा. गाण्याच्या पोटात शिरण्याआधीच आपण त्याच्या अंगणातून परततो.

मराठीत यातलं काय आहे? आकाशवाणीची मराठी शुद्ध, सभ्य आणि थोडी इस्त्रीची. खाजगी केंद्रांची मराठी, जिथे आहे तिथे, हिंदी आरजेच्या चालीवर बसवलेली. तोच वेग, तीच खिदळ, फक्त क्रियापदं मराठी. मुंबईत तर मराठी गाण्यालाच वर्षानुवर्षं जागा मागावी लागली. कोल्हापूरच्या टोमॅटो एफएमसारख्या केंद्राला निदान आपल्या गावाचा हेल लपवावासा वाटत नाही, आणि म्हसवडच्या माणदेशी तरंग वाहिनीसारख्या सामुदायिक रेडिओवर ओवी म्हणणारी बाई निवेदिकेच्या शेजारीच बसलेली असू शकते. पण गाण्यांवर रसाळ, जाणतं बोलणारा मराठी निवेदक रेडिओवर शोधायला गेलं तर तो सापडतो रंगमंचावर. सुधीर गाडगीळ, मंगला खाडिलकर यांनी भावगीतांच्या मैफलींत निवेदनाची जी परंपरा उभी केली, तिला तिकीट काढून येणारा श्रोता आहे. खळे, यशवंत देव, फडके यांच्या चालींवर तीन तास बोलता येतं आणि लोक ते ऐकतात, हे दर शनिवार-रविवारी नाट्यगृहांत सिद्ध होतं. तिथे गाण्यांचा क्रम अनेकदा निवेदकाशी बोलून ठरतो, ही बाबही ध्यानात घ्यावी.

केवळ गाणी हवी असणाऱ्यांची सोय आता दुसरीकडे झालेली आहे. २०१७ मध्ये बाजारात आलेल्या सारेगामाच्या ‘कारवां’मध्ये पाच हजार गाणी भरलेली होती, जाहिरात नाही, बडबड नाही. त्यातही कंपनीला सायानींच्या ‘गीतमाले’साठी वेगळी जागा ठेवावीशी वाटली. २० फेब्रुवारी २०२४ रोजी सायानी गेले तेव्हा एफएमवाल्यांनी दिवसभर त्यांच्या नकला लावल्या. त्याऐवजी एखाद्या मराठी केंद्राने रात्री दहानंतरचा एक तास, जेव्हा जाहिरातदार तसाही फारसा फिरकत नाही, आपल्या एका आरजेच्या हवाली करून पाहावा आणि त्या तासापुरतं सॉफ्टवेअर बंद ठेवावं. पहिले काही आठवडे पाऊस आणि चंद्र ऐकावे लागतील, त्याला इलाज नाही.