आरोग्य-नोंदींतील स्वरचित रकाने : एक अर्थविचार

छापील नोंदवहीच्या उजव्या कडेला बहुधा 'शेरा' नावाचा एक रकाना असतो. नमुना तयार करणाऱ्यास जे सुचले नाही ते लिहिणाऱ्याने तेथे लिहावयाचे, असा त्याचा अलिखित संकेत. केसपेपरची जागा जेथे संगणक-प्रणालींनी घेतली, तेथे शेऱ्याच्या जोडीस आणखी एक मुभा आली : वापरणाऱ्यास स्वतःचा रकाना निर्माण करता येऊ लागला. ही मुभा सामान्यतः तांत्रिक सोय म्हणून वर्णिली जाते. वस्तुतः ती नामकरणाची क्रिया होय, आणि म्हणून तिचे मूल्यमापन कोशकाराच्या कसोटीने करणे युक्त ठरेल. नवा शब्द घडविणाऱ्यावर त्याचा अर्थ सांगण्याची जबाबदारी ही रचना टाकते काय, एवढाच प्रश्न विचारावयाचा. या दृष्टीने 'ओपनएमआरएस' ही नोंद-प्रणाली आणि 'फायर' हे आरोग्य-माहितीच्या देवघेवीचे मानक, या दोहोंचा येथे विचार केला आहे.

विवेचनास एक उदाहरण आवश्यक आहे. धूम्रपानाच्या स्थितीसाठी 'लॉइंक' या संकेतसंग्रहात ७२१६६-२ हा संकेत असून अमेरिकेतील आरोग्य-नोंदींत तो रूढ आहे. त्याची ठराविक उत्तरे धुरापुरती मर्यादित आहेत. महाराष्ट्रात मात्र तंबाखू भाजून, तिची पूड करून दातांना लावण्याची चाल आहे, आणि ती स्त्रियांतही आढळते. मशेरी लावणाऱ्या स्त्रीविषयी वरील रकाना 'कधीही धूम्रपान केले नाही' असे सांगेल. हे विधान सत्य आहे; परंतु धूररहित तंबाखूचा मुखाच्या कर्करोगाशी असलेला कार्यकारणसंबंध सिद्ध झालेला असल्याने, वैद्याला जे कळावयास हवे ते त्यात नाही. अशा वेळी रुग्णालय स्वतःचा रकाना जोडते आणि त्यास 'तंबाखू खाता का?' असे नाव देते. येथेच भाषेचा प्रश्न उभा राहतो. मशेरी 'लावतात', ती 'खात' नाहीत. तेव्हा विचारलेल्या प्रश्नास ती स्त्री प्रामाणिकपणे 'नाही' म्हणेल, व चुकीची नोंद होईल. शिवाय उत्तरासाठी केवळ खूण करण्याची चौकट ठेवली असेल, तर रिकाम्या चौकटीचा अर्थ 'नाही' असा घ्यावयाचा की 'विचारलेच नाही' असा, हे पुढील वाचकास कळण्यास मार्ग उरत नाही.

ओपनएमआरएसचा आरंभ २००४ मध्ये अमेरिकेतील रीजेनस्ट्रीफ इन्स्टिट्यूट व पार्टनर्स इन हेल्थ या संस्थांच्या सहकार्यातून झाला. तीत नवी माहिती साठविण्याचे दोन प्रमुख मार्ग आहेत. पहिला व्यक्तिगुणाचा : नाव, वर्णन आणि मूल्याचे स्वरूप दिले की रकाना तयार होतो. दुसरा संकल्पना-कोशाचा, आणि तोच या प्रणालीचा खरा विशेष होय. येथे प्रत्येक वैद्यकीय निरीक्षण एका संकल्पनेशी बांधलेले असते. संकल्पनेस अनेक भाषांत नावे देता येतात. प्रत्येक भाषेत एक पूर्ण नाव आणि त्याचे पर्याय. उत्तराचा प्रकार सांगावा लागतो, आणि बाहेरील संकेतसंग्रहांशी सांधाही जोडता येतो. त्यामुळे 'मशेरी' आणि 'मिश्री' ही एकाच संकल्पनेची दोन नावे ठरतात, दोन निराळे रकाने नव्हेत. वापरातून गेलेली संकल्पना पुसून न टाकता निवृत्त करता येते. जुन्या नोंदी वाचनीय राहतात. चांगला कोशकार अप्रचलित शब्दास याच न्यायाने वागवितो.

तथापि या रचनेचा दोषही येथेच आहे. वर्णनाच्या जागी नावाचीच पुनरुक्ती केली, तरी प्रणाली ती निमूटपणे स्वीकारते. कोणी 'तंबाखूचे व्यसन' म्हणून, तर कोणी 'तंबाखू-सेवन' म्हणून संकल्पना निर्माण केली, तर त्यांतील भेद कोणता हे विचारणारे तेथे कोणी नसते. कोशाचा साचा आहे, पण संपादकाची हमी नाही.

एचएल७ या संस्थेच्या फायर या मानकाने निराळी वाट धरली आहे. सर्वत्र लागणारी अंगे तेवढी मूळ रचनेत ठेवून उरलेली 'विस्तार' म्हणून जोडावयाची, असे त्याचे धोरण आहे. प्रत्येक विस्ताराबरोबर त्याच्या व्याख्येचा पत्ता असतो. निरीक्षणाचे मूल्य का नाही, हे सांगण्याची स्वतंत्र सोयही आहे व तीत 'विचारले नाही' हे एक मान्य उत्तर आहे. परंतु साधा विस्तार ज्यास कळत नाही, त्या प्रणालीस त्याकडे दुर्लक्ष करण्याची मोकळीक आहे. परिणामी एका रुग्णालयाने काळजीपूर्वक नोंदविलेली मशेरी दुसऱ्या रुग्णालयाच्या पडद्यावर उमटेलच असे नाही, आणि कोणताही नियमभंग झालेला नसेल.

ज्या विस्ताराने मूळ विधानाचा अर्थच पालटतो, त्याविषयी मात्र हे मानक कठोर आहे. त्यास 'अर्थपरिवर्तक विस्तार' म्हणता येईल. तो समजला नाही तर पुढील प्रणालीने ती नोंद नेहमीप्रमाणे वापरू नये, असा दंडक आहे. मानकाच्या स्पष्टीकरणात याचे उदाहरण म्हणून 'रुग्णाने हे औषध घेऊ नये' असे सांगणारी उलटी औषधयोजना दिली आहे. येथे विस्तार हे नकारार्थी अव्यय आहे. ते गळले तर निषेधाची आज्ञा होते. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चौथ्या आवृत्तीत 'करू नये' हे अंग औषधाच्या मागणीच्या मूळ रचनेतच आले. विस्तार म्हणून मांडता येणारा अर्थ अशा रीतीने मानकाच्या मुख्य शब्दसंग्रहात दाखल झाला.

दोहोंची तुलना करता असे दिसते की, ओपनएमआरएस पर्यायी शब्दांची उत्तम व्यवस्था लावते, पण तो कोश स्वाभाविकपणे त्या त्या संस्थेच्या घरचा राहतो. फायर अर्थास घराबाहेर नेते, पण ऐकणाऱ्यास बधिर राहण्याची सवलत देते. रकान्याची व्याख्या लिहिणाऱ्या माणसाची जागा दोहोंपैकी एकही घेऊ शकत नाही. म्हणून रकाना जोडण्यापूर्वी तीन गोष्टी लिहून ठेवणे अगत्याचे आहे : रुग्णास प्रश्न कोणत्या शब्दांत विचारावयाचा, 'नाही', 'ठाऊक नाही' आणि 'विचारले नाही' ही उत्तरे वेगळी कशी ठेवावयाची, आणि विद्यमान संकल्पनांपैकी कोणतीस तो जवळचा असून तिच्याहून कोठे भिन्न आहे.

यांतील पहिली गोष्ट भाषाभ्यासकाच्या अधिकारातील आहे. तंबाखूविषयी, दुखण्याविषयी, पथ्याविषयी बोलताना मराठीच्या निरनिराळ्या बोलींत कोणती क्रियापदे योजली जातात, याचा पद्धतशीर संग्रह हा पदव्युत्तर प्रबंधास पुरेसा विषय आहे. बोलींच्या अभ्यासात नामांकडे जितके लक्ष दिले जाते, तितकेच या क्रियापदांकडे दिले गेले पाहिजे; कारण रुग्णाचे उत्तर पुष्कळदा त्यांच्यावरच अवलंबून असते.