यमक कुणाचे खरे?

हैदराबादेत आमच्या घरी मराठी, नातीच्या शाळेत तेलुगू. एकदा ती रडवेली होऊन आली. ओळींच्या शेवटी जुळणाऱ्या अक्षरांना तिने ‘यमकम्’ म्हटले आणि गुण गेले. ‘‘आजोबा, तुम्हीच चुकीचे शिकवलेत!’’

वस्तुतः चूक कुणाचीच नव्हती. संस्कृतात तीच अक्षरे निराळ्या अर्थाने पुन्हा आली की यमक. तेलुगूने तो अर्थ राखला. शेवटच्या जुळणीला तिथे अंत्यानुप्रास म्हणतात. मराठीने त्या जुळणीलाच यमक म्हटले. ‘यती’चेही तसेच. आपल्याकडे तो चरणातला विराम. तेलुगूत त्या स्थानी चरणाच्या पहिल्या अक्षराशी मेळ असणारे अक्षर हवे.

व्याख्या पाठ करवणाऱ्या गाइडांवर माझा राग आहे तो यासाठी. तिथे नाव आधी येते, कविता मागाहून, तीही एका ओळीपुरती. मी क्रम उलटा केला. ‘यमक्या’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वामन पंडितांचे श्लोक नातीकडून मोठ्याने वाचून घेतले. चरणाच्या शेवटी तीच अक्षरे, अर्थ निराळा! ती थबकली. म्हणाली, ‘‘आजोबा, हे दोन्हीकडे चालेल!’’

ही समज कुठल्या व्याख्येने दिली असती?