रांगेतला माणूस

माकडापासून माणसापर्यंतची ती रांग तुम्हीही टी-शर्टवर पाहिली असेल. रुडॉल्फ झॅलिंगरने १९६५ साली काढलेलं मूळ चित्र देखणं आहे, पण मला ते फसवं वाटतं. पेणच्या कारखान्यात गणपती असे ओळीने असतात: आधी कच्चे, मग पांढरे, शेवटी डोळ्यांची आखणी. उत्क्रांतीत असा 'तयार माल' नसतो, फांद्या असतात. चिंपांझी आपला आजा नव्हे, चुलतभाऊ. निअँडरथल तर शेजारीच राहायचा. आपल्या डीएनएत त्याचा १ ते २ टक्के वाटा आहे. रांग काढली की कुणीतरी 'मागे' दिसणारच. पेण-रोह्याच्या वर्गांत कातकरी मुलंही बसतात. 'आदिमानवा'च्या तासाला कुणी त्यांच्याकडे वळून हसलं, तर त्यात या चित्राचाही हात आहे.