अरुणाच्या खाटेभोवतीच्या बायका

आपल्या कथा-कादंबऱ्यांत परिचारिका येते ती बहुधा करुणेची मूर्ती म्हणून, नाहीतर नायकाच्या दुखण्यापुरती. पालघर-बोईसरच्या वाचकाला हे खटकल्यावाचून राहणार नाही. तारापूरच्या कारखान्यात भाजलेल्या कामगाराजवळ, अडलेल्या बाळंतिणीजवळ रात्र काढणारी बाई त्याच्या ओळखीची असते. सकाळी डहाणू लोकलमध्ये खिडकीला डोके टेकून झोपलेली तीच. कथेतली परिचारिका कधी झोपत नाही!

या थकव्याचा शोध घेत आम्ही पिंकी विराणी यांच्या ‘अरुणाज स्टोरी’ (१९९८) या इंग्रजी पुस्तकापाशी आलो. परळच्या के.ई.एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग हिच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तेथल्याच एका सफाई कामगाराने हल्ला केला. कुत्र्याच्या साखळीने गळा आवळल्यामुळे तिच्या मेंदूला इजा झाली आणि १८ मे २०१५ पर्यंत ती अंथरुणाला खिळून राहिली. हल्लेखोराला शिक्षा झाली ती लुटीची आणि खुनाच्या प्रयत्नाची. अब्रूवरच्या घाल्याचे कलम लागलेच नाही. लेखिकेचा संताप अस्सल आहे.

परंतु पुस्तकाचा रोख खाटेवर आहे. खाटेभोवतीच्या बायकांची कादंबरी अजून व्हायची आहे. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस वेळेवर बदलली नाही, तर पाठीला जखमा व्हायला चार दिवस पुरतात. अरुणाच्या अंगावर इतक्या वर्षांत तशी जखम झाली नाही, याची दखल सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०११ च्या निकालात घेतली, आणि तिचे अन्न थांबवावे हा विराणींचा अर्ज फेटाळला.

मग वर्तमानपत्रांनी परिचारिकांना देवी केले. ही स्तुती आम्हांला सोयीची वाटते; देवीला पाळ्या आणि पगार विचारावे लागत नाहीत. पण देवी संप करीत नाही. या बायकांनी हल्ल्यानंतर संप केला. पुढे महापालिका अरुणाला हलवू पाहत होती, तेव्हा पुन्हा विरोधाला उभ्या राहिल्या. जिथे मैत्रिणीवर घाला पडला, त्याच आवारात रात्रपाळी करायची, हा ताण त्यांनी असा वाटून घेतला.

शेवटच्या वर्षांत तिला भरवणाऱ्या कित्येकींचा जन्मही १९७३ नंतरचा. पाळी बदलताना त्यांना जुन्या बायकांनी काय सांगितले असेल? अरुणाला मासे आवडतात, समोर आले की कधी कधी हसते, एवढे तर न्यायालयाच्या कागदांतही आहे. सातपाटीच्या शेजारच्या लेखकाला कादंबरीचे पहिले प्रकरण येथेच सापडावे.