अप्रकाशित ध्वनिमुद्रणांचे आकर्षण : बॉब डिलन यांच्या गीतांच्या संदर्भात

प्रस्तावना

लेखकाने बाजूला ठेवलेले लेखन बहुधा त्याच्या मृत्यूनंतर उजेडात येते आणि अभ्यासकांपुरतेच राहते. रॉक संगीतात मात्र कलावंताच्या हयातीतच त्याने वगळलेली ध्वनिमुद्रणे अधिकृतपणे प्रसिद्ध होतात आणि मूळ अल्बमइतक्याच गांभीर्याने ऐकली जातात. अमेरिकन गीतकार-गायक बॉब डिलन (जन्म १९४१) हे याचे सर्वांत ठळक उदाहरण होय. कोलंबिया कंपनीने १९९१ मध्ये 'द बूटलेग सीरिज' या मालिकेचे पहिले तीन खंड एकत्र प्रसिद्ध केले. त्यांत ५८ ध्वनिमुद्रणे होती. पुढील तीन दशकांत या मालिकेने पंधरा खंडांचा टप्पा ओलांडला. २०१६ मध्ये डिलन यांना साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाल्यामुळे ही सामग्री आता साहित्याच्या अभ्यासकांच्याही कक्षेत आली आहे. तिच्या आकर्षणाचे स्वरूप काय आहे आणि समीक्षेने त्याकडे कसे पाहावे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

दुर्मिळतेचे आकर्षण आणि त्याची मर्यादा

या आकर्षणाचा पहिला थर दुर्मिळतेचा आहे. १९६७ मध्ये डिलन आणि पुढे 'द बँड' या नावाने प्रसिद्धीस आलेले वादक यांनी न्यूयॉर्क राज्यातील वुडस्टॉकच्या परिसरात, मुख्यतः एका घराच्या तळघरात, अनेक गीते ध्वनिमुद्रित केली. ती प्रकाशनासाठी नव्हती. त्यांतील काही गीते इतर गायकांना ऐकवण्यासाठी पाठवण्यात आली आणि तेथून ती बाहेर पडली. १९६९ मध्ये 'ग्रेट व्हाइट वंडर' ही चोरटी ध्वनिमुद्रिका बाजारात आली. तिच्यात या तळघरातील काही गीते होती. रॉक संगीतातील अशा चोरट्या ध्वनिमुद्रिकांच्या प्रथेचा आरंभ सामान्यतः येथूनच मानला जातो. अधिकृत अल्बम निघाला तो १९७५ मध्ये. त्यातील २४ गीतांपैकी ८ गीते एकट्या 'द बँड'ची होती आणि काही ठिकाणी वाद्यांची नंतर भर घातलेली होती. या काळातील ध्वनिमुद्रणांचा विस्तृत संच प्रसिद्ध होण्यास २०१४ साल उजाडले.

मात्र दुर्मिळता हे मूल्य नव्हे. ती केवळ दुर्मिळताच असती, तर सहा तबकड्यांचा संच दुकानात मिळू लागताच तिचे आकर्षण ओसरायला हवे होते. तसे झाले नाही. त्या अर्थी आकर्षणाचे मूळ अन्यत्र शोधावे लागते.

नाकारलेली कृती

'ब्लाइंड विली मॅक्टेल' या गीताचे उदाहरण येथे उद्बोधक ठरते. हे गीत १९८३ मध्ये 'इन्फिडेल्स' या अल्बमच्या वेळी ध्वनिमुद्रित झाले. प्रसिद्ध झालेल्या पहिल्या पाठात डिलन पियानोवर आहेत आणि मार्क नॉफ्लर गिटारवर. जॉर्जियातील ब्लूज गायक मॅक्टेल यांच्या स्मरणातून गुलामगिरीचा आणि अमेरिकेच्या दक्षिण भागाचा इतिहास उभा करणारे हे गीत अल्बममधून वगळले गेले आणि १९९१ मध्ये प्रकाशित झाले. आज अनेक समीक्षक डिलन यांच्या श्रेष्ठ रचनांत त्याची गणना करतात. डिलन यांनी स्वतः मात्र हे गीत पूर्णत्वास गेलेच नव्हते, असे पुढे एका मुलाखतीत सांगितले.

येथे खरा पेच निर्माण होतो. कर्ता ज्याला अपूर्ण म्हणतो, त्याला रसिक पूर्ण मानतात. हा केवळ अभिरुचीतील फरक नाही. गीताचा आशयच असा आहे की, या दुःखाला न्याय देणारा आवाज मॅक्टेल यांचा होता, अन्य कोणाचा नाही. स्वतःच्या अपुरेपणाची जाणीव हा ज्या गीताचा गाभा आहे, ते गीत कर्त्याने अपुरे म्हणून बाजूला ठेवणे यात अर्थपूर्ण सुसंगती दिसते. वगळले जाण्याची ही घटना आता त्या गीताच्या अर्थाचा भाग बनली आहे. विशेष म्हणजे 'द बँड'ने हे गीत १९९३ मध्ये ध्वनिमुद्रित केल्यानंतर १९९७ पासून डिलनही ते मंचावर गाऊ लागले. रसिकांनी कर्त्याचा निर्णय बदलायला लावला, असे म्हणण्यास येथे जागा आहे.

पाठभेद आणि निर्मितीप्रक्रिया

दुसरा प्रकार पाठभेदांचा आहे. 'ब्लड ऑन द ट्रॅक्स' या अल्बमचे ध्वनिमुद्रण सप्टेंबर १९७४ मध्ये न्यूयॉर्क येथे पूर्ण झाले होते. तथापि डिसेंबरमध्ये डिलन यांनी मिनिआपोलिस येथे स्थानिक वादकांसह पाच गीते पुन्हा गायली आणि हा मिश्र अल्बम जानेवारी १९७५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांपैकी 'टँगल्ड अप इन ब्लू' या गीताच्या १९९१ मध्ये प्रकाशित झालेल्या न्यूयॉर्क पाठात निवेदनाचा बराच भाग 'तो' या सर्वनामाने चालतो. मिनिआपोलिस पाठ 'मी'ने सुरू होतो. सर्वनाम बदलताच कथनाचे आत्मकथन होते आणि श्रोत्याचे निवेदकाशी असलेले अंतर कमी होते. हे दोन पाठ शेजारी ठेवल्याखेरीज 'मी' ही सहज उमटलेली आत्मपरता नसून विचारपूर्वक केलेली निवड आहे, हे ध्यानात येत नाही. हा अल्बम वैयक्तिक कबुलीजबाब म्हणून ऐकणाऱ्यांसाठी ही बाब महत्त्वाची आहे.

तिसरा प्रकार निर्मितीप्रक्रियेचा. 'लाइक अ रोलिंग स्टोन'ची जून १९६५ मधील ध्वनिमुद्रणे २०१५ च्या खंडात उपलब्ध झाली. १५ जून रोजी हे गीत तीन मात्रांच्या वॉल्ट्झच्या लयीत चाचपडताना दिसते. दुसऱ्या दिवशी लय बदलली, मूळचे गिटारवादक अल कूपर ऑर्गनवर बसले आणि चौथ्या प्रयत्नात आज सर्वपरिचित असलेला पाठ साकारला. तरीही त्यानंतर आणखी प्रयत्न चालू राहिले. म्हणजे हवे ते हाती आले आहे, याची खात्री त्या क्षणी तेथील कोणालाच नव्हती. प्रतिभेच्या एकाच स्फुरणातून कृती अवतरते, या समजुतीला असे पुरावे छेद देतात.

समीक्षेपुढील प्रश्न

या मालिकेमागे व्यापारी हितसंबंध आहेत, हे नाकारण्याचे कारण नाही. युरोपीय संघाने २०११ मध्ये ध्वनिमुद्रणांच्या हक्कांची मुदत ५० वर्षांवरून ७० वर्षांवर नेली. मात्र पन्नास वर्षांत प्रकाशित न झालेल्या ध्वनिमुद्रणांना हा लाभ नव्हता. परिणामी २०१२ पासून केवळ हक्क राखण्यासाठी अत्यल्प प्रतींचे संच काढले गेले. अप्रकाशित ते सर्व मौल्यवान, अशी धारणा बाजाराला सोयीची असते. समीक्षकाने ती स्वीकारता कामा नये. बरीच ध्वनिमुद्रणे योग्य कारणानेच वगळलेली असतात आणि वगळण्याचा विवेक हाही प्रतिभेचाच भाग होय.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येईल की, अप्रकाशित ध्वनिमुद्रणांचे आकर्षण गुप्त ठेवा हाती लागल्याच्या आनंदापुरते मर्यादित नाही. प्रकाशित कृती अनेक शक्यतांमधून निवडलेली एक शक्यता आहे, ही जाणीव ती देतात. याचा अध्यापनाशी थेट संबंध आहे. नोबेलनंतर डिलन यांची गीते अभ्यासक्रमात घेताना केवळ छापील संहिता समोर ठेवली, तर आवाज, लय आणि पाठभेद हे तिन्ही वर्गाबाहेर राहतात. उलट सर्वच पाठ समान मानले, तर कर्त्याच्या निवडीला अर्थ उरत नाही. कोणता पाठ श्रेष्ठ, यापेक्षा कर्त्याने कोणता निवडला आणि त्या निवडीने काय साधले व काय गमावले, हा प्रश्न विद्यार्थ्यांपुढे ठेवणे अधिक फलदायी ठरेल. असा प्रश्न विचारता यावा, एवढी सामग्री या खंडांनी निश्चितच उपलब्ध करून दिली आहे.