कल्याणचे सिंहासन आणि क्रिऑन

बसवकल्याणच्या किल्ल्यात उभे राहिले म्हणजे बिज्जळाची आठवण होतेच. चालुक्यांचा हा कलचुरी मांडलिक. इ. स. 1157 च्या सुमारास त्याने तिसऱ्या तैलपाची सत्ता हिरावून घेतली. आम्हां वकिलांच्या भाषेत, कब्जा होता, हक्क नव्हता. अशा सत्ताधीशास ग्रीकांचा शब्द ‘तुरान्नोस’. आरंभी त्यात क्रौर्याचा अर्थ नव्हता. वारसाहक्कावाचून राज्यावर आलेला, एवढाच. सोफोक्लीजचा ईडिपस असा तुरान्नोस, आणि पुढे तोच मृत राजाचा औरस पुत्र निघतो! उलट ‘अँटिगनी’तील क्रिऑन नात्याने गादीचा रीतसर वारस, जुलमी ठरतो तो मात्र तोच. हक्काचा दोष निराळा, वापराचा निराळा. चौदाव्या शतकातील इटालियन कायदेपंडित बार्तोलस याने हाच भेद मांडला.

गिरीश कार्नाडांचे ‘तलेदंड’ (1990) या कसोटीवर घासून पाहावे. त्यातील बिज्जळ आपले पूर्वज न्हावी होते हे लपवीत नाही. आपले क्षत्रियत्व कालपरवाचे आहे हे जाणूनच तो बसवण्णांना जपतो. ज्याची सनद खोटी, तोच येथे अधिक माणुसकीने वागतो. पुढे सोविदेव बापालाच कैद करतो. ज्या न्यायाने बापाने धन्याचे आसन घेतले, त्याच न्यायाने मुलगा बापाचे घेतो. कब्जालाच हक्क मानले, तर अधिक बलवान कब्जेदाराविरुद्ध दाद कोठे मागावी?

येथवर नाटक ग्रीकांच्या तोलाचे आहे. पण सोविदेव मला उणा वाटतो. क्रिऑनपाशी युक्तिवाद आहे: राज्यद्रोह्यास अंत्यसंस्कार नाहीत. तो चुकीचा असला तरी ऐकताना क्षणभर पटतो, आणि म्हणूनच हीमनने बापाला दिलेले उत्तर झोंबते. सोविदेवापाशी केवळ दुखावलेला अहंकार. युक्तिवाद आहे तो राजपुरोहित दामोदरभट्टाच्या तोंडी, आणि तो इतका प्रौढ की देवळाशी बांधलेल्या आम्हां मंडळींनी तो अस्वस्थ होऊनच ऐकावा. विचार एकाचा, तलवार दुसऱ्याची; त्यामुळे ज्याने दुःख भोगावयाचे, असा एक माणूसच रंगभूमीवर उरत नाही.

क्रिऑन अखेरीस पुत्राचे शव घेऊन येतो आणि अपराध आपला म्हणतो. बिज्जळ शिवलिंगाच्या सन्निध मारला जातो. सोविदेव नवे हुकूम सोडीत राहतो.